स्वेटर गावी आहे

रमजानचे शेवटचे दहा-बारा दिवस उरले की आमच्या इमारतीच्या जिन्यात रिकामी खोकी येऊन पडतात. केळ्यांची, दुधाच्या पावडरीची, कुठल्या तरी एसीची. खालच्या मजल्यावरच्या खैरुन आपा ती इथल्या शराफिया भागातल्या दुकानांतून मागून आणतात, आणि आम्ही सात-आठ बायका ती भरतो. कपडे, वह्या, साबण, चपला. मग ती एका संस्थेच्या गोदामात जातात आणि तिथून जहाजाने समोर, आफ्रिकेत, अनाथ मुलांच्या एका वसतिगृहात.

समोर असं मी उगाच लिहिलं नाही. जेद्दाच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की पाण्यापलीकडे आफ्रिकाच आहे. लहानपणी आमच्या गावच्या समुद्रात सूर्य बुडायचा तेव्हा तो अरबस्तानात गेला असं आम्ही समजायचो. गाव श्रीवर्धनच्या अलीकडचं, आणि निम्म्या घरांतले पुरुष इकडेच होते. बाया वाळूत उभ्या राहून म्हणायच्या, आता त्यांच्याकडे कुठे चार वाजलेत. आज मी त्या 'त्यांच्याकडे'च राहते, पंचवीस वर्षं होत आली, आणि सूर्य इथेही समुद्रातच बुडतो. माझ्या समोर जन्मभर पाणीच आलं. आणि पाण्यापलीकडे कुणीतरी, ज्याचा चेहरा मला दिसत नाही.

खोक्यांच्या पुठ्ठ्याला एक वास असतो, थोडा केळ्यांचा, थोडा ओल्या गोदामाचा. जिन्यात तो आला की बाकीच्या बायकांना रमजानचं पुण्य आठवतं. मला एक पिवळा स्वेटर आठवतो.

रमजान एका जागी थांबत नाही. दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. यंदा तो थंडीच्या शेवटाला आला आहे, दुपारी पंखासुद्धा लागत नाही आणि रोजा कसा सरतो ते कळत नाही. मी सांगते आहे तो सात वर्षांपूर्वीचा रमजान ऐन मे महिन्यात आला होता. गच्चीवरची टाकी तापून नळातून चहाचं पाणी यायचं. नमाजाआधी वजू करायला, हातपाय धुवायला, सकाळीच बादली भरून ठेवावी लागे. दुपारी रस्त्यावर मांजरसुद्धा नसे. सगळी गाडीखालच्या सावलीत जीभ काढून पडलेली. अशा दिवसांत खैरुन आपांनी यादी वाचली आणि म्हणाल्या, "गरम कपडे."

आम्ही सगळ्या हसलो. कुणीतरी म्हणालं, "आपा, आफ्रिका में ठंडी?"

"हौ! पहाड़ है वहाँ, पहाड़," आपा म्हणाल्या. त्या हैदराबादच्या, बोलताना हात हलवतात. "दाँत बजते बच्चों के. तुम लोगों को सऊदी आने से पहले मालूम था क्या, खमीस में ठंडी पड़ती?"

मला माहीत होतं. खमीस मुशैत म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर धुकं येतं. माझा दीर इरफान तिथे नोकरीला होता, आणि माझी जाऊ रुबिना. दक्षिणेकडचं डोंगरावरचं शहर, पावसाळी ढग खिडकीत येऊन बसतात असं रुबिना फोनवर सांगायची. "भाबी, इथे मी रजई घेऊन झोपते, तुम्ही एसी लावून झोपा. एकाच देशात आहोत का आपण?" आणि हसायची. ती खूप हसायची. बारावी शिकलेली होती. इकाम्याचे, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचे, बँकेचे, शाळेचे सगळे कागद तीच भरायची, आमचेही. मी चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत गेले. तिने कधी ते जाणवू दिलं नाही. उलट माझी एखादी चिठ्ठी बघून म्हणायची, "भाबी, तुमचं अक्षर किती गोल आहे, मोत्यासारखं." ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. रागवायला तिने काही जागाच ठेवली नाही, आणि तोच माझा राग होता.

तिला मुलगी झाली, निदा. मला मूल नाही. लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी मक्केला हरममध्ये जाऊन रडून मागितलं होतं. एकदा काय, चारदा मागितलं. निदा चार वर्षांची झाली तेव्हा ईदच्या आठ दिवस आधी मी फोनवर हट्ट धरला, पोरीला माझ्याकडे पाठवा, तुम्ही दोघं ईदला या. इरफानच्या ओळखीचं एक कुटुंब मक्केला उमऱ्याला येत होतं, त्यांच्याबरोबर रुबिनाने तिला पाठवली. पिशवीत दोन फ्रॉक, एक बाहुली आणि तिने स्वतः विणलेला स्वेटर. फोनवर म्हणाली, "एसीत घाला तिला. मापाने मोठा केलाय, दोन-तीन वर्षं जाईल."

पिवळा, मोहरीच्या फुलासारखा. गळ्याला हिरवी पट्टी. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं लांब, कारण विणताना ती मोजायला विसरली होती. बटणं चार, तीन पिवळी आणि सगळ्यात खालचं लाल, कारण चौथं पिवळं तिला मिळालं नाही.

ईदला ती दोघं निघाली आणि पोचली नाहीत. डोंगर उतरतानाच्या रस्त्यावर गाडी दरीत गेली, दोघंही गेली. आमचे हे एकटेच तिकडे गेले, सगळं करून आले. दारात उभे राहिले तेव्हा निदा माझ्या मांडीवर झोपली होती. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्या वेळी रडले, खूप रडले, रुबिनासाठी, इरफानसाठी. पण मनाच्या एका कोपऱ्यात, जिथे माणूस स्वतःसुद्धा जात नाही, तिथे एक विचार येऊन बसला होता, की आता हिला कुणी परत नेणार नाही. त्याला मी हाकललं. तो उठून गेला असं मात्र मला कधी वाटलं नाही.

ह्यांनी वर्षभर कचेऱ्यांच्या चकरा मारल्या तेव्हा निदाचा इकामा आमच्याकडे लागला. आमच्यात दुसऱ्याचं मूल वाढवतात, पण त्याच्या बापाचं नाव पुसत नाहीत. ते बरोबरच आहे. तिच्या कागदावर इरफानचंच नाव आहे आणि कफील, म्हणजे इथल्या राहण्याचा जामीनदार, म्हणून ह्यांचं. माझ्या कागदावरही कफील हेच. मी थट्टेने म्हणायची, आपण दोघी एका मालकाच्या. कफील हा शब्द इथे आल्यापासून आम्ही घाबरतच ऐकलेला. हे ज्या एसीच्या सुट्या भागांच्या दुकानात काम करतात त्याचा कफील खूश आहे का, रागावलाय का, सुटीच्या कागदावर सही करेल का, घरातलं सगळं त्यावर चालायचं.

निदाने मला नाव दिलं ते मोठी अम्मी. रुबिना तिच्यासाठी अम्मी होती, मी मोठी अम्मी. नंतर घाईघाईत अम्मी गळलं आणि नुसतं मोठी राहिलं. "मोठी, भूक लागली." "मोठी, माझा मोजा कुठंय?" शेजारणी विचारायच्या, "ये मोठी मोठी क्या बुलाती तुमको? तुम तो दुबली हो." मी हसायची. मला ते गळून गेलेलं अम्मी हवं होतं, आणि ते एकटं हवं होतं, पुढे मोठी नको.

एसी सोळावर करायची आणि स्वेटर घालून बसायची, हा तिचा खेळ. बाहेर पंचेचाळीस अंश, आणि माझ्या घरात लोकरीचा स्वेटर घातलेली पोर, गुडघे आत ओढून, लांब बाही तोंडात धरून. मी एसी वाढवायची, ती कमी करायची. सहा-सात वर्षांची होईपर्यंत तो अंगात बसला. मग बसेना, तर उशाखाली गेला. अकराव्या वर्षीसुद्धा तो उशाखालीच होता. ताप आला की ती मला हाक मारायची, पण हात उशाखाली जायचा. मी रात्र रात्र कपाळावर पट्ट्या ठेवायची आणि तो हात बघायची.

खोकी भरायच्या दिवशी खैरुन आपा आणखी एक गोष्ट म्हणाल्या. त्या दरवर्षी म्हणतात, पण त्या वर्षी माझ्याकडे बघून म्हणाल्या असं मला वाटलं. "देखो, पुरानी-धुरानी चीज़ नक्को. अल्लाह के वास्ते देना तो वो देना जो दिल को प्यारी है." सगळ्यांनी माना हलवल्या. एकीने नवी शाल काढली, एकीने मुलाचं जॅकेट, मदिन्याच्या थंडीत घेतलेलं.

मी वर आले. दुपारची वेळ, निदा शाळेत. चादर बदलायला उशी उचलली आणि तो दिसला, चुरगळलेला, बाहीला दातांच्या खुणा. मी तो उचलला. धुतला नाही, वेळ नव्हता. घडी घातली, दोन टॉवेलांच्या मध्ये ठेवला आणि खाली जाऊन माझ्या खोक्यात घातला. वरून वह्या ठेवल्या. आपांनी चिकटपट्टी ओढली. त्या पट्टीचा चर्र आवाज मला अजून ऐकू येतो.

जे प्रिय आहे ते द्यायचं होतं. मी दिलं. फक्त ते मला प्रिय नव्हतं, पोरीला होतं. एवढी साधी गोष्ट त्या वेळी मला कळली नाही असं मी कुठे लिहिलं तर तेही खोटं होईल. कळली होती. मी स्वतःशी म्हटलं, लोकर पडून कुजतेय, तिकडे एखादं अनाथ लेकरू कुडकुडतंय. अनाथ. माझ्याच घरातली अनाथ त्या वेळी शाळेत भूगोलाचा पेपर लिहीत होती.

आणि सगळ्यात वाईट हे की त्या दिवशी मला रोजा लागला नाही. तहान नाही, डोकेदुखी नाही. अंग हलकं वाटत होतं. मी इफ्तारला सांदणं केली, गूळ जास्त घालून, निदाला आवडतात तशी.

तिने झोपताना शोधलं. उशी, गादी, कपाट, धुण्याची टोपली. "मोठी, माझा स्वेटर?" मी भांडी घासत होते. पाठ तिच्याकडे. तोंडातून निघून गेलं, "गावी पाठवला. इथे कसर लागते. तुझ्या फुफूकडे ट्रंकेत ठेवायला दिला, डांबरगोळ्या घालून." गावाहून कुणी आलं होतं, ते परत गेलं होतं, म्हणून ते खोटं खपलं. तिने धुण्याची टोपली परत जागेवर ठेवली. मग म्हणाली, "मला विचारायचं ना." आणि गेली. रडली नाही. रडली असती तर मी कदाचित तेव्हाच सांगितलं असतं.

फुफू म्हणजे माझी नणंद, गावचं घर तीच बघते. त्यानंतर आम्ही दोनदा गावी गेलो. एकदा मी म्हटलं, किल्ली हरवलीय. दुसऱ्यांदा ट्रंक माळ्यावर होती, शिडी मोडली होती, आणि मोडली नसती तरी मी मोडलीय म्हणाले असते. खोटं बोलायला बुद्धी लागते असं मला वाटायचं. काही लागत नाही. एकदा बोललं की ते आपलं आपण वाढतं, आपण फक्त जागा करून द्यायची.

त्या ईदनंतर चार महिन्यांनी खैरुन आपांनी आम्हाला खाली बोलावलं. संस्थेने फोटो पाठवले होते, ज्याचं खोकं त्याला एक. आपा हौसेने वाटत होत्या, "देखो देखो, तुम्हारा वाला कितना प्यारा बच्चा है." माझ्या हातात आला त्यात लाल मातीच्या अंगणात एक मुलगी उभी होती. सहाएक वर्षांची. केस बारीक विणलेले. पायात काही नाही. अंगात पिवळा स्वेटर. डावी बाही खाली लोंबत होती, बोटं दिसत नव्हती. लाल बटण लागलेलं होतं.

ती हसत होती का? नाही. ऊन डोळ्यांवर आलं की आपण जसे बघतो तशी बघत होती. पण मला वाटलं, माझ्याकडे बघतेय.

बायकांनी माझा फोटो हातोहात बघितला. "माशाल्ला, स्वेटर तो एकदम फिट आया," कुणीतरी म्हणालं. निदाचा स्वेटर इमारतीत कुणी पाहिलेला नव्हता. घरातलं घरात होतं सगळं. मी फोटो वर आणला आणि शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली ठेवला. तो निळा गोल बिस्किटांचा डबा निदा कधी उघडत नाही, तिला सुईत दोरा ओवता येत नाही. फोटोच्या मागे काहीतरी इंग्रजीत लिहिलं होतं. ते वाचून घ्यायचं तर निदाला दाखवायला हवं होतं, किंवा ह्यांना. म्हणून ते तसंच राहिलं.

त्याच वर्षी आपांनी विचारलं, "एक यतीम बच्ची का कफील बनते क्या, भाभी?" मी दचकले. आपण, आणि कफील? आपा समजावायला लागल्या, अनाथाचा भार जो उचलतो त्यालाही कफीलच म्हणतात, मोठं पुण्य आहे. मी लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की हे चकित झाले. त्या मुलीसाठीच द्या असं मी सांगितलं नाही, कुणीही चालेल म्हटलं. तिच्यासाठीच म्हटलं असतं तर तिचा फोटो परत परत आला असता.

तेव्हापासून आमच्या घरातून दर महिन्याला तिकडे काहीतरी जातं. लोक मला नेक बाई म्हणतात. शेजारणी आपल्या मुलींना सांगतात, शिका त्यांच्याकडून, स्वतःचं मूल नाही तर जगाची मुलं आपली केली. मी लाजून खाली बघते. त्यांना वाटतं, काय विनय आहे!

निदा तेरा वर्षांची असताना शाळेतून एक फॉर्म आला. ती टेबलावर बसून भरत होती, इकामा समोर ठेवून. ह्यांनी डोकावून पाहिलं आणि मोठ्याने हसले. "अगं, हे काय लिहिलंस? नातं - स्पॉन्सर?"

"इकाम्यावर तेच आहे, बडे अब्बा," ती म्हणाली. "कफील. इंग्लिशमध्ये स्पॉन्सरच होतं."

"अंकल लिही, अंकल!"

तिने खोडलं, अंकल लिहिलं. मग पेन तसंच धरून माझ्याकडे बघितलं. "मोठी, तुझं काय लिहू? आँटी?"

मी म्हटलं, "लिही जे काय असेल ते." आणि स्वयंपाकघरात जाऊन कुकरची शिट्टी नीट बसवली, जी नीटच बसलेली होती. तिने काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. वाचता आलं नसतंच. पण एवढं मला समजलं की मी जे चोरून मिळवायला गेले ते माझ्या हाती लागलं नाही. स्वेटर उशाखालून गेला, आणि तिथे मी काही जाऊन बसले नाही. ताप आला की तिचा हात अजून उशाखाली जायचा. तिथे काही नसायचं, तरी.

आता ती अठरा वर्षांची आहे. बारावीचे पेपर सुरू आहेत. इथे आपल्या मुलांना पुढे शिकायची सोय फारशी नाही, सगळी परत जातात. तीही जूनमध्ये पुण्याला जाईल. गेल्या आठवड्यात केमिस्ट्रीचा पेपर देऊन आली. दुपारनंतरची असरची नमाज झाली होती, मी इफ्तारसाठी कांदा चिरत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली. रोजा, त्यात पेपर, ओठ सुकलेले.

"मोठी, मी पुण्याला जायच्या आधी आठ दिवस गावी जाणार. तिकीट तसंच काढायला सांगितलंय बडे अब्बांना."

"बरं की."

"स्वेटर घ्यायचाय. पुण्याला थंडी असते म्हणे." मग हसली. "घालणार नाहीये, मला बाहीसुद्धा होणार नाही. हॉस्टेलवर उशाखाली ठेवीन. फ्रेंड्स हसतील, हसू देत."

मी कांदा चिरत राहिले.

"काल फुफूला फोन केला होता. तिने ट्रंक उघडून बघितली. म्हणते, ह्यात चटया आहेत नुसत्या, स्वेटर-बिटर काही नाही." निदाने हात झटकला, खैरुन आपांसारखा. "तिला दिसत नाही नीट. आणि कंटाळा किती! खालपर्यंत बघितलंच नसणार. मी म्हटलं, फुफू, मोठीने ठेवलाय म्हणजे असणारच. मी येऊन बघते."

मोठीने ठेवलाय म्हणजे असणारच.

मी सुरी खाली ठेवली. हात धुतले. आत जाऊन शिवणाचा डबा आणला, रिळं ओट्यावर ओतली आणि फोटो तिच्यापुढे धरला. तिने फोटो घेतला, खिडकीकडे धरला. आधी तिला काही कळलं नाही, कुणीतरी मुलगी आहे एवढंच. मग तिचं बोट लाल बटणावर गेलं. मग बाहीवर.

"हा माझा आहे," ती म्हणाली.

"हो."

"हे कुठलं?"

"आफ्रिका. आपांची खोकी जातात ना, तिथलं."

शेजारच्या घरातून कुणाच्या तरी भज्यांचा वास येत होता. मग तिने मान वर केली. तिचे डोळे रुबिनाचे आहेत, ते मी आजवर कुणाला बोलून दाखवलेलं नाही. म्हणाली, "चुकून गेला ना, मोठी? टॉवेलात वगैरे?"

तिने स्वतःच्या हाताने मला दार उघडून दिलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. हो बाळा, चुकून, मला सांगायची भीती वाटली. असं म्हटलं असतं तर ती मला जवळ घेऊन रडली असती, मी तिला ओळखते.

"नाही," मी म्हटलं. "मी दिला. मला माहीत होतं. तू तो उशाखाली घ्यायचीस ते मला बघवत नव्हतं."

माझ्याकडे बघायचं तिने थांबवलं, एवढंच. फोटो उलटा केला आणि मागचं वाचायला लागली. आधी मनात, मग मोठ्याने. "झेमझेम. वय सहा. आई-वडील नाहीत." थांबली. "हिचं नाव झेमझेम आहे. तुला माहीत होतं?"

"नाही."

"सात वर्षं फोटो तुझ्याकडे आहे."

"मागे इंग्रजी होतं."

"मग मला विचारायचं—" ती म्हणाली आणि अर्ध्यावर थांबली. मला कसं विचारता आलं नसतं ते तिचं तिलाच कळलं.

त्या दिवशी ती इफ्तारला बसली, खजूर खाल्ला, पाणी प्यायली आणि उठली. दुसऱ्या दिवशीही तसंच. ह्यांना मी सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले आणि शेवटी म्हणाले, "चुकून गेला म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" ते वाईट मनाने बोलले नाहीत. पण मी विचार करत बसले. त्या दोन दिवसांत मला ती मुलगी जास्त आठवत होती, समोरच्या किनाऱ्यावरची. ती कोण, तिची आई कशाने गेली, तिला त्या स्वेटरला येणारा वास आवडला का, असं मी कधी मनातसुद्धा विचारलं नव्हतं. मी तिला माझं पाप ठेवायची जागा केलं होतं. पाप इकडून गेलं, तिकडे पोचलं, फोटो आला. पावतीसारखा. तिने स्वेटर नुसता अंगात घातला होता, थंडी होती म्हणून. तिचा काय दोष?

तिसऱ्या दिवशी जिन्यात खोकी भरायला आम्ही सगळ्या जमलो होतो. निदा कधी येत नाही, अभ्यास असतो. त्या दिवशी खाली आली, हातात फोटो. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर सांगणार. ती माझ्या बाजूने गेली आणि खैरुन आपांना म्हणाली, "आपा, ये लड़की अभी भी वहाँ है क्या? पूछके बताएँगे?"

आपांनी चष्मा वर केला. "ये तो पुरानी फ़ोटो है बेटा. तुम्हारी मोठी को मिली थी, याद है मेरे को. पूछ लेती मैं. काइको?"

"ऐसेही," निदा म्हणाली.

वर आल्यावर मी दार लावलं आणि विचारलं, "स्वेटर परत मागतेस?"

"नाही." ती चप्पल काढत होती. "ती आता तेरा वर्षांची असेल. तिलाही तो होणार नाही. लहान झाल्यावर तिने तो कुणाला दिला, तेवढं विचारायचंय. की ठेवलाय."

मी मान हलवली.

"आणि मोठी, मी रागावलेली आहे. खूप दिवस राहीन."

"राहा," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी इफ्तारला तिने सूप तोंडात घातलं आणि वर न बघता म्हणाली, "मीठ नाहीये ह्यात." मी मिठाची बाटली पुढे सरकवली. तीन दिवसांतलं आमचं ते घरातलं पहिलं बोलणं, रागाखेरीजचं.

फोटो आता डब्यात नाही. तिने तो आपल्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवला आहे, इरफान आणि रुबिनाच्या फोटोला लावून. माझा फोटो तिथे आहे का ते मी बघितलं नाही. यंदाच्या खोक्यात मी काय घातलं असंही कुणी विचारू नये. साबण घातले. मला जे प्रिय आहे ते जूनमध्ये दोन बॅगा घेऊन जाईल, आणि ते द्यायला माझं कधीच नव्हतं.

आपांकडे अजून तिकडून काही कळलेलं नाही. निदा रोज पेपरहून येताना खालच्या मजल्यावर थांबते, मला तिच्या पावलांवरून कळतं. काल फुफूचा फोन आला. तिने सगळी ट्रंक रिकामी करून बघितली होती बिचारीने. "अगं, तो पोरीचा स्वेटर मग आहे तरी कुठे?" म्हणाली.

सात वर्षांत पहिल्यांदा मी तिला खरं सांगितलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.